दोनदा बोर्ड बदलूनही बिघाड तोच : महागड्या साउंड सिस्टिमबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचा सूर जवळपास एकच आहे : लाख-दोन लाख मोजून घेतलेली सिस्टिम वर्षातून दोनदा दुरुस्तीला जाते, ठीक होऊन येते आणि पुन्हा तशीच बिघडते. आमचे मत आधीच सांगतो. भाग का जळला हे न शोधता भाग बदलला, तर नवा भागही त्याच वाटेने जातो. आणि ते कारण पुष्कळदा यंत्राच्या बाहेर असते : सॉकेटमध्ये, केबलवाल्याच्या तारेत, खाडीवरून येणाऱ्या हवेत, नाहीतर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात.

प्रश्न : ७.२ चॅनेलच्या एव्ही रिसीव्हरचा (होम थिएटरच्या मुख्य अँप्लिफायरचा) एचडीएमआय बोर्ड साडेतीन वर्षांत दोनदा बदलला. आता पुन्हा टीव्हीवर चित्र येत नाही. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने मात्र व्यवस्थित येतो. सर्व्हिस सेंटरचे म्हणणे, ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर लावा.’ रिसीव्हरला टीव्ही, केबलचा सेट टॉप बॉक्स आणि गेमिंग कन्सोल जोडलेला आहे. स्टॅबिलायझरने हे थांबेल का? – ऐरोली

बहुधा नाही. व्होल्टेज खरोखर इतके वरखाली होत असते, तर आधी पॉवर सप्लाय किंवा फ्यूज गेला असता. तुमच्याकडे अँप्लिफायरचा भाग शाबूत आहे आणि दर वेळी फक्त एचडीएमआय बोर्ड मरतो आहे. याचा अर्थ धक्का विजेच्या प्लगमधून येत नसून एचडीएमआयच्या पोर्टमधूनच आत शिरतो आहे.

तो येतो कुठून? सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर पाहा. त्याचा प्लग दोन पिनांचा असतो, म्हणजे त्याला अर्थिंग नाही. अशा अडॅप्टरमध्ये रेडिओ गोंगाट कमी करण्यासाठी मेन्सच्या बाजूपासून आउटपुटपर्यंत एक छोटा कॅपॅसिटर जोडलेला असतो. त्यामुळे बॉक्सचे धातूचे भाग मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे साधारण १०० ते ११५ व्होल्टवर तरंगत राहतात. करंट अगदी क्षुल्लक असतो, बोट लावले तर जेमतेम मुंग्या येतात. पण एचडीएमआयची चिप ३.३ आणि ५ व्होल्टवर चालणारी आहे. सगळे चालू असताना तुम्ही केबल खुपसता तेव्हा प्लगचे धातूचे कवच आधी टेकायला हवे. सैल झालेल्या पोर्टमध्ये किंवा केबल तिरकी घातली की सिग्नलची पिन आधी टेकते आणि साठलेला भार चिपमधून जातो. कधी चिप लगेच मरते, कधी अर्धमेली होऊन दोन महिन्यांनी.

दुसरी वाट केबलवाल्याच्या कोअॅक्स तारेची. ती गच्चीवरून, शेजारच्या इमारतीतून, तिथल्या बूस्टरमधून येते. तिच्या बाहेरच्या धातूच्या जाळीचे व्होल्टेज आणि तुमच्या घरच्या अर्थिंगचे व्होल्टेज एकच असेल याची काहीही खात्री नाही. पावसाळ्यात जवळपास वीज कडाडली की त्या लांबलचक तारेत जो झटका तयार होतो तो सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयवाटे थेट रिसीव्हरमध्ये उतरतो. गच्चीवरच्या डिशच्या तारेलाही हेच लागू आहे. वीज प्रत्यक्ष तुमच्या इमारतीवर पडण्याची गरज नसते.

नवा बोर्ड बसवण्याआधी एवढे मोजून घ्या. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या, ही जिवंत मेन्स आहे. घरातला एसी किंवा गीझर चालू असताना रिसीव्हरच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल बघा, २२० ते २४० च्या आसपास हवे. फेज-अर्थ जवळपास तितकेच हवे. न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवे. ते ५ च्या वर गेले, किंवा फेज-अर्थ भलतेच कमी आणि हलते दिसले, तर अर्थिंगचा किंवा न्यूट्रलचा जोड सैल आहे, किंवा अर्थिंग नाहीच. अशा वेळी सोसायटीकडे अर्थ पिटचा, म्हणजे इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा, रोध मोजून मागा. साधारणपणे तो ५ ओहमपेक्षा कमी असावा. देखभाल न झालेल्या पिटमध्ये जोडाची पट्टी गंजून तुटलेली सापडते, आणि खाडीकाठच्या मातीत गंज लवकर धरतो. शेवटी कोअॅक्सची तार बॉक्समधून काढून तिची बाहेरची जाळी आणि सॉकेटची अर्थ पिन यांत मोजा. इथे दहा-वीस व्होल्ट दिसले तर गुन्हेगार सापडला असे समजा.

उपाय महाग नाहीत. कोअॅक्सवर बॉक्सच्या आधी ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे तारांतून फिरणारा करंट अडवणारा जोड) लावा. मात्र डिशच्या तारेवर साधा आयसोलेटर चालत नाही, कारण तिच्यातून डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला (एलएनबीला) वीजही जाते. तिथे ती वीज पुढे जाऊ देणारा सर्ज प्रोटेक्टर घ्यावा आणि त्याची अर्थ तार जोडावी. टीव्ही, रिसीव्हर, कन्सोल आणि बॉक्स एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, एकाच अर्थवर आणा. घराच्या डीबीमध्ये (एमसीबीच्या पेटीत) टाइप २ चे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे विजेचा झटका अर्थकडे वळवणारे उपकरण, बसवून घ्या. त्याची अर्थ तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर झटक्याच्या क्षणी ते निम्मेच काम करते. आणि एचडीएमआय केबल घालताना-काढताना सगळ्यांचे प्लग बाहेर असू द्या. रिमोटने बंद करणे पुरत नाही, स्टँडबायमध्ये सप्लाय जिवंतच असतो. वीज कडाडायला लागली की पॉवरचे प्लग आणि कोअॅक्स दोन्ही काढा. बरेच जण प्लग काढतात आणि कोअॅक्स विसरतात.

स्टॅबिलायझरबद्दल : तुमचे व्होल्टेज २०० ते २५० च्या आत राहत असेल तर तो घेऊ नका. रिलेवाला स्टॅबिलायझर टप्पा बदलताना काही मिलिसेकंद पुरवठा तोडतो, त्याने उलट त्रासच होतो. त्यापेक्षा वीज गेली तर प्लग काढा आणि परत आल्यावर पाच मिनिटांनी लावा. पुरवठा परत येतानाचा पहिला क्षण सर्वांत वाईट असतो.

एक गोष्ट पत्रात नाही पण विचारायला हवी. रिसीव्हर बंद कप्प्यात आहे का? बहुतेक रिसीव्हरमध्ये एचडीएमआय बोर्ड वरच्या अंगाला, जाळीखाली असतो आणि खालच्या हीटसिंकची गरम हवा त्याच्यावरूनच जाते. वर किमान १५ सेंटिमीटर आणि मागे १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. ती मिळत नसेल तर कप्प्याची मागची फळी कापा आणि १२० मिलिमीटरचा यूएसबी पंखा हवा बाहेर ओढेल असा लावा. सेट टॉप बॉक्स रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवण्याची पद्धत तर आजच बंद करा.

प्रश्न : स्टीरिओ अँप्लिफायरचा डावा स्पीकर हळू आवाजात गायब होतो. आवाज वाढवला की ‘कट’ असा आवाज होऊन परत येतो. दर पावसाळ्यात हे सुरू होते. घर पाम बीच रोडच्या खाडीकडच्या बाजूला आहे. कंपनीने मुख्य बोर्ड बदलायला सांगितला आहे, खर्च अँप्लिफायरच्या निम्म्या किमतीएवढा. – नेरूळ

बोर्ड बदलू नका, निदान इतक्यात तरी नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणे स्पीकर प्रोटेक्शन रिलेची आहेत. अँप्लिफायर चालू केल्यावर तीन ते पाच सेकंदांनी जो ‘टक’ आवाज येतो तो याच रिलेचा. त्याचे संपर्कबिंदू बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. खाडीच्या चिखलातून, कांदळवनातून गंधकयुक्त वायू निघतात. त्यांनी चांदी काळी पडते. देवघरातली चांदीची भांडी तुमच्याकडे किती लवकर काळवंडतात ते पाहिले तर अंदाज येईल. त्यात समुद्राकडची खारी, दमट हवा. काळ्या थरातून मोठा सिग्नल घुसतो, छोटा अडतो. म्हणून आवाज वाढवला की स्पीकर जागा होतो.

खात्री अशी करा. अँप्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा मागच्या बाजूला अदलाबदल करा. बिघाड डाव्याच बाजूच्या टर्मिनलवर राहिला, म्हणजे आता उजवा स्पीकर गप्प झाला, तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधी. तो स्पीकरबरोबर गेला तर तार किंवा स्पीकर पाहा. नंतर इनपुटच्या आरसीए केबल अदलाबदल करा. दोष दुसरीकडे सरकला तर केबल किंवा सीडी प्लेअर. हेडफोनच्या जॅकवर डावी बाजू ठणठणीत असेल तर पुष्कळ अँप्लिफायरमध्ये तो रिलेकडे बोट दाखवणारा आणखी एक पुरावा असतो.

रिले काही शे रुपयांचा भाग आहे. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो. पण जुना हातात घेऊनच जा. त्यावर छापलेले कॉइलचे व्होल्टेज, बहुधा १२ किंवा २४ व्होल्ट डीसी, तंतोतंत तेच हवे. संपर्काची क्षमता तितकी किंवा जास्त, आणि पायांची मांडणी तीच. काही मेकॅनिक रिलेचे झाकण कापून पॉलिश पेपरने संपर्क घासतात. त्याने दोन-चार महिने बरे चालते, मग घासलेला पृष्ठभाग खराब झाल्यामुळे पहिल्यापेक्षा वाईट होते. नवा रिले बसवून घ्या.

बसवल्यावर मेकॅनिकला एक माप समोर घ्यायला सांगा : स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकर टर्मिनलवरचे डीसी व्होल्टेज. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर आत आणखी काही बिघडते आहे, तो शोधल्याशिवाय स्पीकर जोडू नयेत.

पुढच्या पावसाळ्यासाठी : स्पीकरच्या तारांची हिरवट-काळी झालेली टोके दोन सेंटिमीटर कापून नव्याने सोला, शक्य असेल तर बनाना प्लग घट्ट कसून लावा. अँप्लिफायर दोन दिवसांतून एकदा अर्धा तास तरी चालू ठेवा, त्याच्या उबेने आतला ओलावा जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. ओलावा तिच्यात अडकतो. खोलीत अँप्लिफायरपासून वीस-तीस सेंटिमीटर अंतरावर एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि एसीच्या ड्राय मोडने आकडा ६० टक्क्यांच्या खाली आणता आला तर आणा. खरखरणाऱ्या बटणांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर वापरतात, दाराच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे अजिबात नाही.

प्रश्न : हॉल, दोन बेडरूम आणि स्वयंपाकघरात एकाच कंपनीचे वाय-फाय स्पीकर आहेत. मागच्या बेडरूममधले गाणे दर काही मिनिटांनी तुटते, कधी स्पीकर अॅपमधून नाहीसाच होतो. कंपनीने स्पीकर दोनदा बदलून दिला. इंटरनेटचा वेग ३०० एमबीपीएस आहे. – घोडबंदर रोड, ठाणे

वेगाचा इथे संबंध नाही. गाण्याला एक-दोन एमबीपीएस पुरतात. मोठ्या, बिनतोटा (लॉसलेस) फाइललाही दहाच्या आसपास. प्रश्न भिंतीचा आहे. घोडबंदर रोडवरचे बरेचसे नवे टॉवर मायवान पद्धतीने, म्हणजे धातूच्या साच्यात काँक्रीट ओतून, बांधलेले आहेत. त्यांत विटांच्या भिंती नसतात. आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. अशा दोन भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास संपतो, २.४ चा कसाबसा उरतो.

आधी स्पीकर निर्दोष आहे का ते ठरवा. तो हॉलमध्ये आणा, एका जादा फोनवर हॉटस्पॉट सुरू करा आणि स्पीकर त्याला एक मीटर अंतरावर जोडून तासभर वाजवा. इथेही तुटला तर स्पीकर सदोष, तिसरा मागा. न तुटल्यास कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही.

मग घरात राउटर किती आहेत ते मोजा. इंटरनेटवाल्याने लावलेला एक आणि तुम्ही घेतलेला दुसरा, असे दोन असतील आणि दोघेही पत्ते वाटत असतील, तर फोन एकाच्या जाळ्यात आणि स्पीकर दुसऱ्याच्या जाळ्यात राहतो. स्पीकर अॅपमधून ‘नाहीसा’ होण्यामागे बहुतेक वेळा हेच असते. इंटरनेटवाल्याला त्याचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, किंवा तुमचा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा. स्पीकर गेस्ट नेटवर्कवर नकोत. राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (वाय-फायवरची यंत्रे एकमेकांना दिसू न देणारी सोय) बंद हवे. प्रत्येक स्पीकरला राउटरमधून कायमचा आयपी पत्ता राखून द्या. वीज गेल्यावर स्पीकर हरवतात, तो त्रास याने पुष्कळ कमी होतो.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल ‘ऑटो’ ठेवू नका. १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी सर्वांत कमी व्यापलेला निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधला चॅनेल घ्या. ५२ पासून पुढच्या काही चॅनेलवर रडारचा सिग्नल ऐकू आला की राउटरला उडी मारून दुसरीकडे जावे लागते, आणि त्या क्षणी गाणे तुटते.

एवढे करूनही भिंत ती भिंतच. पक्का इलाज तारेचा. हॉलपासून बेडरूमपर्यंत केबल टीव्हीसाठी पाइप टाकलेला असतो, त्यातल्या कोअॅक्सच्या टोकाला कॅट ६ (नेटवर्कची) तार बांधून ती तिच्याचबरोबर ओढून घ्या आणि बेडरूममध्ये अॅक्सेस पॉइंट लावा. स्पीकरला लॅन पोर्ट असेल तर थेट तारच. मात्र एकाहून जास्त स्पीकर तारेवर आणि उरलेले आपापसात वायरलेस, अशी सरमिसळ काही स्वस्त स्विचना झेपत नाही. डेटा गोल गोल फिरत राहून घरातले सगळे नेटवर्क बसते. असे झाल्यास एकच स्पीकर तारेवर ठेवून पाहा.

प्रश्न : वाशीच्या शोरूममधून ३ लाख ४० हजारांची होम थिएटर सिस्टिम घेतली. चौदा महिन्यांत चार वेळा दुरुस्ती झाली. वॉरंटी दोन वर्षांची आहे. कंपनी ‘पुन्हा दुरुस्त करून देतो’ यापलीकडे जात नाही. तक्रार कुठे करायची? – खारघर

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तुम्ही राहता तिथेही तक्रार करता येते, पण लक्षात घ्या : खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येते, वाशी ठाणे जिल्ह्यात. खरेदी वाशीत झाल्यामुळे ठाण्याचाही मार्ग खुला आहे. येण्याजाण्याचा विचार केला तर तुम्हाला तोच सोयीचा पडेल, अलिबाग लांब पडते. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येते. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ कंपन्या तिथेच नमतात. मग शोरूम आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवा : मॉडेल, सिरियल नंबर, प्रत्येक बिघाडाची तारीख, प्रत्येक जॉब शीटचा नंबर, आणि मागणी स्पष्ट – बदली संच किंवा पैसे परत, पंधरा दिवसांत. आयोग दुरुस्ती, बदली, परतावा आणि भरपाई, चारही देऊ शकतो.

प्रकरण कशावर तरेल किंवा बुडेल ते सांगतो. कंपनी ‘ग्राहकाकडच्या विजेचा दोष’ असे म्हणणार. म्हणून ऐरोलीच्या उत्तरातली मापे परवानाधारक वायरमनकडून लेखी, सहीशिक्क्यासह घेऊन ठेवा. बिघाड चालू असतानाचा व्हिडिओ घ्या, त्यात डिस्प्लेवरचा एरर आणि सिरियल नंबर दिसू द्या. जॉब शीटवर ‘तपासले, ठीक आहे’ एवढेच लिहिले असेल तर सही करू नका. कोणता भाग बदलला ते लिहून मागा. वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यामुळे तोपर्यंत बाहेरच्या मेकॅनिककडून संच उघडून घेऊ नका. सील तुटले की हा पुरावा गेला. कायद्यात निकालासाठी तीन महिने, चाचणी लागल्यास पाच महिने असे धरले आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो.

प्रश्न : सबवूफरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येतो. गणपतीत फारच वाढला होता. आधी एकदा दुरुस्त केला आहे. – नौपाडा, ठाणे

आरसीए केबल सबवूफरमधून उपटा, पॉवर चालू ठेवा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप : कोअॅक्स काढून बघा, सगळी यंत्रे एका बोर्डवर आणा. मखराच्या एलईडी माळांचे स्वस्त अडॅप्टर त्याच लाइनवर असतील तर ते दुसऱ्या खोलीच्या सॉकेटवर न्या. अर्थची पिन तोडून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून हमिंग थांबवणारे मेकॅनिक आहेत. आवाज थांबतो खरा, पण उद्या आत इन्सुलेशन गेले तर धातूचे पॅनेल जिवंत होईल. हे कुणालाही करू देऊ नका.

केबल काढूनही आवाज चालू राहिला तर बहुधा आतल्या प्लेट अँप्लिफायरचे कॅपॅसिटर सुकले आहेत. ही प्लेट बंद पेटीत असते आणि स्टँडबायमध्ये चोवीस तास तापते. १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास टिकणारा कॅपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला दुप्पट टिकतो. म्हणजे ६५ अंशांवर ३२,००० तास, अहोरात्र प्लग चालू असेल तर पावणेचार वर्षांहून थोडे कमी. भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय लावली तर हेच आयुष्य कितीतरी वाढते. बदलताना मायक्रोफॅराड तितकेच, व्होल्टेज तितके किंवा जास्त आणि १०५ अंशांचेच घ्या. मोठ्या भागांना चिकटवलेला गोंद काळसर तपकिरी झाला असेल तर खरवडून काढायला सांगा. जुना झाला की तो वीज वाहू लागतो आणि आसपासचे पाय गंजवतो. मागची दुरुस्ती टिकली नाही ती कदाचित यामुळेच.

प्रश्न : बारा वर्षांच्या स्पीकरच्या कोनभोवतीची कड हात लावताच भुग्यासारखी गळते. नवे घ्यावे का? – सीबीडी बेलापूर

नको. कड फोमची आहे, आपल्या दमट हवेत ती इतक्या वर्षांत विरतेच. कोन आणि व्हॉइस कॉइल ठीक असतील तर फक्त कड बदलता येते. तोवर वाजवू नका, कोन वाकडा हलून कॉइल घासते आणि मग स्पीकर खरोखरच जातो. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून हळूच आत-बाहेर करा. खरखर जाणवली नाही तर कॉइल वाचली आहे. फ्रेमचा बाहेरचा व्यास, कोनचा व्यास आणि कडेच्या वळीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून त्या मापाची कड मागवा. दोन्ही स्पीकरच्या कडा एकदमच बदला. फोमऐवजी रबराची कड जास्त टिकते, पण ती जड आणि ताठ असल्याने खालच्या सुरांचा बाज बदलतो. तुमच्या मॉडेलला मूळची फोमची होती तर फोमचीच लावा.